आफ्टरमार्केट इसीयूवर टर्बोचं बूस्ट कंट्रोल बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं पेट्रोल इंजिन, टर्बो आणि हवेच्या दाबावर उघडणारं वेस्टगेट, अशा मांडणीसाठी आहेत. इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, हॉलटेक असो, लिंक असो, इसीयूमास्टर असो की मेगास्क्वर्ट, मेनूतली नावं बदलतात, काम तेच राहतं. 'बूस्ट' म्हटलं की वातावरणाच्या वरचा दाब समजा. किलोपास्कलमधले आकडे मात्र निरपेक्ष दाबाचे आहेत, म्हणजे समुद्रसपाटीवर १ बार बूस्ट हा साधारण २०० किलोपास्कल. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

इसीयू बूस्ट वाढवतो म्हणजे नेमकं काय करतो?

टर्बोला तो थेट काहीच करत नाही. वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरमध्ये एक रबरी पडदा आणि त्यामागे स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडून आलेला दाब पडद्याला ढकलतो. दाबापुढे स्प्रिंग नमली की दांडा पुढे सरकतो, फ्लॅप उघडतो आणि एक्झॉस्टचा काही गॅस टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. इसीयू फक्त या दाबाच्या वाटेत बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व उघडझाप करतो. ॲक्च्युएटरपर्यंत जाणारा दाब त्यामुळे कमी होतो, फ्लॅप उशिरा उघडतो आणि बूस्ट चढतो.

यातून दोन गोष्टी ठरतात आणि पुढचं जवळजवळ सगळं त्यांवरच उभं आहे. एक, स्प्रिंगच्या दाबापेक्षा कमी बूस्ट कुठल्याही सेटिंगने मिळणार नाही. दोन, ॲक्च्युएटरला दाब पोहोचलाच नाही, म्हणजे नळी निसटली, फाटली किंवा चुकीच्या जागी जोडली, तर बूस्ट थांबवणारं काही उरत नाही. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी नळ्या तपासायच्या.

स्प्रिंग किती दाबाची घ्यावी?

तीन पोर्टच्या सोलेनॉइडवर टार्गेट स्प्रिंगच्या साधारण दुपटीपर्यंत ठेवलं तर नियंत्रण नीट राहतं. १.२ बार हवा असेल तर ०.६ ते ०.८ बारची स्प्रिंग योग्य. फार मऊ स्प्रिंग लावली तर वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचा दाबच फ्लॅप ढकलून उघडतो आणि ड्यूटी (प्रत्येक फेरीत सोलेनॉइडला करंट मिळण्याचा टक्का) कितीही वाढवली तरी बूस्ट टिकत नाही.

फार कडक स्प्रिंगचा तोटा लगेच दिसत नाही. सेन्सर बिघडला, इंजिन तापलं, सोलेनॉइडची वायर तुटली, तर इसीयू शेवटी स्प्रिंगच्या दाबावरच येऊन थांबणार आहे. तेव्हा स्प्रिंग निवडताना असं विचारा: हलक्या प्रतीचं पेट्रोल आणि कडक उन्हाळा अशा दिवशी हे इंजिन किती बूस्ट बिनधोक सोसेल? तो तुमच्या स्प्रिंगचा आकडा.

आतल्या, म्हणजे टर्बोच्या अंगातच असलेल्या, वेस्टगेटच्या दांड्याला थोडा प्रीलोड, म्हणजे आधीपासूनचा ताण, द्यावा लागतो. फ्लॅप बंद असताना दांड्याचं भोक फ्लॅपच्या पिनच्या २ ते ३ मिलिमीटर अलीकडे राहावं आणि दांडा तेवढा ओढूनच पिनवर चढावा. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. मग हातपंप आणि गेज लावून दांडा नेमका किती दाबाला हलायला लागतो ते पाहून लिहून ठेवा. नंतर बूस्ट बिघडला तर तुलनेला हाच आकडा कामी येतो.

काय काय सामान लागतं?

तीन पोर्टचा सोलेनॉइड, त्याचा कनेक्टर, ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची जाड सिलिकॉन नळी साधारण २ मीटर, प्रत्येक निपलसाठी छोटा क्लॅम्प, हवा बाहेर सोडणाऱ्या पोर्टसाठी छोटा फिल्टर, ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज, आणि टार्गेटपेक्षा पुरेसा वर मोजणारा मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब वाचणारा). वाइडबँड लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा) याच यादीत धरा, त्याशिवाय बूस्ट वाढवू नका. नॉक (सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी भडकल्याचा आवाज) ऐकण्याची काही सोय असावी. इसीयूची असेल तर उत्तमच, नसेल तर ब्लॉकवर बसणारा सेन्सर आणि हेडफोन.

तीन पोर्टचा घ्यावा की चार पोर्टचा?

बहुतेकांना तीन पोर्टचा पुरतो. मॅक कंपनीचा तीन पोर्टचा व्हॉल्व या कामात सर्रास वापरला जातो, कारण तो जलद उघडतो आणि त्यातून हवा पुरेशी वाहते.

चार पोर्टचा सोलेनॉइड दोन कप्प्यांच्या वेस्टगेटसाठी असतो. एका स्थितीत तो खालच्या कप्प्याला दाब देऊन वरचा मोकळा करतो, दुसऱ्या स्थितीत याच्या उलट. स्प्रिंगच्या दुपटीहून बराच वर बूस्ट हवा असेल तर त्याचा उपयोग होतो. पण ड्यूटी ३ ते ४ टक्क्यांनी हलली तरी बूस्ट मोठी उडी घेतो, त्यामुळे ट्यूनिंगला कस लागतो. गरज नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

काही गाड्यांना कारखान्यातून दोन पोर्टचा, हवा सोडून देणारा सोलेनॉइड येतो. त्याच्यासोबत नळीत कुठेतरी १ मिलिमीटरच्या आसपास भोक असलेला रिस्ट्रिक्टर लपलेला असतो. तीन पोर्टचा लावताना तो शोधून काढून टाका. तो तसाच राहिला तर ॲक्च्युएटर सुस्त होतो आणि बूस्ट भरमसाट उसळी घेतो.

नळ्या कुठून कुठे जोडायच्या?

पोर्टचे नंबर कंपनीगणिक बदलतात, म्हणून नंबरवर विसंबू नका, फुंकून बघा. सोलेनॉइड हातात घ्या आणि करंट न देता मधल्या, म्हणजे सामाईक पोर्टमधून फुंका. हवा दोनांपैकी ज्या पोर्टमधून बाहेर येते तो 'करंट नसताना उघडा' पोर्ट. आता १२ व्होल्ट द्या. टक् आवाज येईल आणि हवा दुसऱ्या पोर्टमधून यायला लागेल. दोन्ही पोर्टवर मार्करने खूण करा. या दोन मिनिटांच्या कामाने इंजिन वाचतं.

*आतलं वेस्टगेट, एका निपलचा ॲक्च्युएटर:* सामाईक पोर्ट ॲक्च्युएटरला. करंट नसताना उघडा असणारा पोर्ट कॉम्प्रेसरच्या निपलला. उरलेला पोर्ट फिल्टर लावून हवेत मोकळा. अशा जोडणीत वायर तुटली तरी पूर्ण दाब ॲक्च्युएटरला जातो आणि बूस्ट स्प्रिंगवर येतो.

*बाहेरचं वेस्टगेट, वर-खाली दोन निपल:* कॉम्प्रेसरकडून आलेल्या नळीला टी लावा. एक फांदी थेट खालच्या निपलला, मध्ये काहीही नको. दुसरी फांदी सोलेनॉइडच्या 'करंट असताना उघडा' पोर्टला. सामाईक पोर्ट वेस्टगेटच्या वरच्या निपलला आणि उरलेला पोर्ट हवेत. करंट नसताना वरचा कप्पा मोकळा राहतो, खालचा दाब झडप उचलतो आणि बूस्ट पुन्हा स्प्रिंगवरच. आतल्या वेस्टगेटच्या तुलनेत इथे दाबाचा आणि हवेचा पोर्ट अदलाबदल झाले आहेत, हे नीट पाहा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सोलेनॉइड ॲक्च्युएटरपासून ३० ते ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवा, पण इंजिनवर किंवा टर्बोच्या उष्णतेत नको. चासीवर किंवा फायरवॉलवर बसवा. नळी लांब असेल तर तिच्यात हवा भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो, आणि तो उशीर पुढे लॉगमध्ये हेलकाव्यांच्या रूपात दिसतो.

दाब इनटेक मॅनिफोल्डवरून घेतला तर चालेल का?

वेस्टगेटसाठी नको. अर्ध्या थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये दाब कमी किंवा चक्क व्हॅक्यूम असतो, तर थ्रॉटलच्या अलीकडे टर्बो जोरात दाब भरत असतो. वेस्टगेटला ते कळतच नाही, फ्लॅप बंद राहतो आणि टर्बो गरजेपेक्षा जास्त फिरतो. म्हणून वेस्टगेटचा सिग्नल कॉम्प्रेसरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावरून घ्या. मॅप सेन्सर मात्र मॅनिफोल्डवरच हवा, कारण इंजिनात किती हवा जाते ते त्यालाच कळतं. वेस्टगेटच्या नळीवर टी मारून गेज, डम्प व्हॉल्व (थ्रॉटल मिटल्यावर साठलेला दाब सोडणारा) वगैरे जोडू नका.

वायरिंग कसं करायचं?

सोलेनॉइडच्या दोन वायरींपैकी एकीला इग्निशनवर चालू होणारे, रिलेतून आलेले १२ व्होल्ट फ्यूजमार्फत द्या. दुसरी इसीयूच्या अर्थिंग (ग्राउंड) देणाऱ्या आउटपुटला. तो आउटपुट पल्स देऊ शकणारा हवा. फक्त रिले चालू-बंद करणाऱ्या आउटपुटवर हे काम होत नाही. ०.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. मॅक व्हॉल्वच्या कॉइलचा रोध २५ ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे १२ व्होल्टला साधारण अर्धा अँपिअर. जोडण्याआधी मल्टीमीटरने मोजा. ४-५ ओहम दाखवत असेल तर कॉइल शॉर्ट आहे किंवा हाती भलताच व्हॉल्व आलाय. तो इसीयूला जोडू नका.

करंट तुटताना कॉइल उलटा व्होल्टेजचा झटका देते. काही इसीयूंच्या आत त्यासाठी डायोड असतो, काहींमध्ये नसतो. मॅन्युअलमध्ये पाहा. नसेल तर कॉइलवर डायोड लावा, पट्टा असलेली बाजू १२ व्होल्टकडे.

फ्रिक्वेन्सी किती ठेवायची?

मॅक प्रकारच्या व्हॉल्वला ३० हर्ट्झपासून सुरुवात करा, बहुधा तिथेच थांबाल. ३० हर्ट्झला एक फेरी ३३ मिलिसेकंदांची होते. व्हॉल्वला उघडायला आणि मिटायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून साधारण १५ टक्क्यांखाली तो उघडतच नाही आणि ८५ ते ९० च्या वर मिटतच नाही. कामाचा पट्टा मधला. फ्रिक्वेन्सी खूप खाली नेली तर प्रत्येक पल्स ॲक्च्युएटरला जाणवतो आणि बूस्ट थरथरतो. खूप वर नेली तर व्हॉल्व धड उघडत नाही. कारखान्याच्या सोलेनॉइडना बहुतेकदा यापेक्षा कमी, १० ते २० हर्ट्झ मानवते.

ट्यूनिंग सुरू झाल्यावर फ्रिक्वेन्सी बदलू नका. ती बदलली की ड्यूटीचं सगळं टेबल पुन्हा करावं लागतं.

ड्यूटी उलटी नाही ना, हे कसं तपासायचं?

इंजिन सुरू करण्याआधी हे तपासायलाच हवं. आउटपुटची दिशा सेटिंगमध्ये उलटी असेल तर स्क्रीनवर ० टक्के दिसतं आणि प्रत्यक्षात सोलेनॉइड पूर्ण उघडा असतो.

इग्निशन चालू करा, इंजिन बंद. इसीयूच्या आउटपुट टेस्टमध्ये ० टक्के द्या. सोलेनॉइड गप्प असला पाहिजे, आणि त्याच्या इसीयूकडच्या वायरीवर मल्टीमीटरने बॅटरीइतका व्होल्टेज दिसला पाहिजे. ५० टक्के द्या, गुरगुर ऐकू येईल आणि व्होल्टेज निम्म्यावर येईल. १०० टक्के दिल्यावर आवाज थांबतो आणि व्होल्टेज शून्याजवळ जातो. आता पुन्हा ० वर आणून कॉम्प्रेसरकडच्या नळीत हातपंपाने दाब द्या. ॲक्च्युएटरचा दांडा हललेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. नळ्या, वायरिंग आणि सेटिंग तिन्ही बरोबर असल्याची खात्री या एका हालचालीतून होते. दांडा हलत नसेल तर पुढे जाऊ नका.

मॅप सेन्सर कोणता, आणि तो बरोबर वाचतोय का?

टार्गेटच्या वर निदान २० टक्के जागा ठेवा. '३ बारचा' सेन्सर निरपेक्ष ३ बार मोजतो, म्हणजे बूस्ट फक्त २ बारपर्यंत. बूस्ट सेन्सरच्या मर्यादेबाहेर गेला तर इसीयूला तो दिसतच नाही, ना इंधन वाढवताना ना बूस्ट तोडताना. इंजिन बंद असताना वाचन त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाइतकं हवं, समुद्रसपाटीवर १०० किलोपास्कलच्या आसपास. एवढ्यावर समाधान मानू नका. हातपंपाने १ बार द्या आणि वाचन बरोबर तेवढंच वाढतंय का ते पाहा. चुकीचं कॅलिब्रेशन एका बिंदूवर योगायोगाने जुळू शकतं, दोन बिंदूंवर सहसा जुळत नाही.

पहिल्या रनआधी कोणत्या मर्यादा लावायच्या?

बूस्ट कट: त्या टप्प्याच्या अपेक्षित दाबाच्या १५ ते २० किलोपास्कल वर. पहिला रन स्प्रिंगवरच असतो, म्हणून स्प्रिंग १७० देत असेल तर कट १९० ला. शेवटच्या टार्गेटवर आधीच नेऊन ठेवू नका, प्रत्येक टप्प्यासोबत सरकवा. कट सगळ्या सिलिंडरचं इंधन एकदम तोडणारा असावा. एकदोन इंजेक्टरच तोडले तर काही मांडण्यांमध्ये शेजारच्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. फक्त इग्निशन तोडलं तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

याशिवाय: कूलंट ७० अंशांखाली असताना ड्यूटी शून्य, इनटेकची हवा ६० अंशांवर गेली की टार्गेट स्प्रिंगवर, थ्रॉटल ४० ते ५० टक्क्यांखाली ड्यूटी शून्य.

इंधनाचीही तयारी आत्ताच करा. इंजेक्टरची ड्यूटी टार्गेटला ८५ टक्क्यांच्या आत राहील का, फ्युएल प्रेशर बूस्टबरोबर एकास एक चढतंय का, हे स्प्रिंगवरच पाहून घ्या. स्पार्क प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर आणा. फट मोठी असेल तर बूस्टमध्ये ठिणगी विझते, आणि ते मिसफायर बूस्ट कंट्रोलचा दोष वाटून माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो.

ओपन लूपमध्ये सेट करण्याचा क्रम काय?

ओपन लूप म्हणजे इसीयू टेबलमधली ड्यूटी तशीच देतो, मॅप पाहून ती बदलत नाही. हे काम लोडवाल्या डायनोवर (इंजिनावर भार देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर करा, सार्वजनिक रस्त्यावर नको. लॉगमध्ये आरपीएम, मॅप, थ्रॉटल, बूस्टची ड्यूटी, लॅम्डा, इनटेक तापमान, नॉक, इंजेक्टर ड्यूटी आणि बॅटरी व्होल्टेज घ्या, सेकंदाला निदान २५ नोंदी. गियर तिसरा किंवा चौथा. खालच्या गियरमध्ये इंजिन इतक्या झपाट्याने चढतं की बूस्ट पूर्ण भरतच नाही. त्यावर बेतलेली ड्यूटी वरच्या गियरमध्ये जास्त होते.

पहिला रन ० टक्क्यांवर. बूस्ट स्प्रिंगच्या दाबाला येऊन सपाट राहिला पाहिजे. तो तसा नसेल तर आधी त्याचं कारण शोधा, ड्यूटी घालू नका.

मग पूर्ण टेबलमध्ये एकच आकडा भरून रन करा: २०, ३०, मग ५-५ च्या टप्प्याने. समजा ०.७ बारची स्प्रिंग आहे. ० ला १७० किलोपास्कल, २० लाही १७०, ३० ला १७८, ४० ला १९०, ४५ ला १९८, ५० ला २०८, असं काहीसं चित्र दिसेल. सुरुवातीला काहीच होत नाही आणि मग एकदम जोर धरतो, हे सरळ रेषेत नसतं. "२० ला काही झालं नाही, चला ६० करून बघू" हा विचार इथे घातक ठरतो.

पुढचा टप्पा घेण्याआधी इंधन आणि इग्निशनच्या टेबलमधली वरची ओळ भरलेली हवी. मिश्रण लॅम्डा ०.७८ ते ०.८२ च्या दरम्यान. टायमिंग दर पीएसआयला साधारण १ अंश मागे, हा सुरुवातीचा सावध अंदाज. नॉक दिसला की थांबा, आधी टायमिंग.

प्रत्येक ड्यूटीला कोणत्या आरपीएमवर किती बूस्ट मिळाला ते लिहीत गेलात की बेस ड्यूटीचं टेबल आपोआप तयार होतं: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला हवा असलेला बूस्ट, रकान्यात ड्यूटी. याला पुरेसा वेळ द्या. हे टेबल नीट असेल तर क्लोज्ड लूपला, म्हणजे मॅप पाहून ड्यूटी सुधारणाऱ्या भागाला, फार थोडं करायचं उरतं.

क्लोज्ड लूपचे पी, आय, डी कसे बसवायचे?

टार्गेट आणि मॅपमधल्या आत्ताच्या फरकावर पी, साठत गेलेल्या फरकावर आय आणि फरक बदलण्याच्या वेगावर डी ड्यूटी सुधारतो. तिन्ही शून्य ठेवून बेस टेबलवर रन घ्या. टार्गेट आणि मॅप यांत ५ ते ८ किलोपास्कलपेक्षा जास्त फरक असेल तर परत बेस टेबलकडे जा. पीआयडीने चुकीचं टेबल झाकू नये.

मग पी वाढवा. बूस्टची रेघ टार्गेटभोवती वर-खाली डुलायला लागली की तिथून साधारण निम्म्यावर या. आय थोडाथोडा वाढवा, उरलेला फरक एखाद्या सेकंदात भरून निघेल इतकाच. डी शक्यतो शून्य. मॅपच्या सिग्नलमध्ये खळबळ असतेच आणि डी तिला मोठं करतो. प्रत्येक इसीयूत या आकड्यांची एकक वेगळी असतात, दुसऱ्याच्या फाइलमधले आकडे उचलून उपयोग नाही.

दोन मर्यादा नक्की लावा. लूपने ड्यूटी जास्तीत जास्त १० टक्के वर किंवा खाली न्यावी. आणि लूप टार्गेटच्या २० ते ३० किलोपास्कल अलीकडे आल्यावरच सुरू व्हावा.

बूस्ट टार्गेटच्या वर उसळतो आणि मग खाली बसतो. का?

लॉग जवळून पाहा. समजा टार्गेट १९०. २८०० आरपीएमला मॅप १३०, ड्यूटी ९०. ३३०० ला मॅप १८०, ड्यूटी अजून ८२. ३५०० ला मॅप २०६, ड्यूटी आत्ता कुठे ५० वर येतेय. ३९०० ला मॅप १८४. म्हणजे टर्बो स्पूल होत (वेग पकडत) असताना बूस्ट बराच मागे होता, आयने तेवढा वेळ ड्यूटी साठवत नेली, आणि टार्गेट गाठल्यावर तो साठा उतरायला वेळ लागला. लूप उशिरा सुरू करा, आयची वरची मर्यादा कमी करा, स्पूलच्या वेळची ड्यूटी टार्गेटच्या ३० किलोपास्कल आधीच बेसवर आणा.

पीआयडी शून्य असतानाही उसळत असेल तर कारण नळ्यांत आहे: लांब नळी, विसरलेला रिस्ट्रिक्टर, किंवा हवा सोडणाऱ्या पोर्टचा तुंबलेला फिल्टर.

ड्यूटी शून्य असूनही आरपीएमबरोबर बूस्ट चढत जातो.

याला बूस्ट क्रीप म्हणतात आणि इसीयूकडे याचं औषध नाही. फ्लॅप पूर्ण उघडूनही गॅस पुरेसा बाहेर जात नाही. मोकळा एक्झॉस्ट बसवल्यावर हे बरेचदा सुरू होतं. वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्या, फ्लॅप पूर्ण उघडताना डाउनपाइपला अडत नाही ना ते पाहा, नाहीतर मोठं बाहेरचं वेस्टगेट लावा. तोवर आरपीएमची मर्यादा खाली आणा.

वरच्या आरपीएमला बूस्ट पडतो.

एक्झॉस्टचा दाब फ्लॅप उघडत असेल तर त्या आरपीएमला बेस ड्यूटी थोडी वाढवून फरक पडतो. ८५ टक्क्यांवरही पडत असेल तर कडक स्प्रिंग लावा. तरीही पडत असेल तर टर्बोची हवा संपली. तेव्हा कॉम्प्रेसर मॅप (टर्बो किती दाबाला किती हवा देऊ शकतो त्याचा आलेख) काढून पाहा. क्षमतेबाहेर फिरवलेला टर्बो जास्त गरम हवा देतो आणि शाफ्टचा वेग धोक्यात जातो. अशा वेळी टार्गेटच वरच्या आरपीएमला उतरतं ठेवलेलं बरं.

टार्गेट गाठतच नाही.

आधी गळती शोधा. इनटेकच्या तोंडाला टोपी लावून १ बार दाब द्या आणि साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरचे सांधे आणि डम्प व्हॉल्व हे नेहमीचे दोषी. मग फ्लॅप पूर्ण मिटतोय का आणि सोलेनॉइड खरंच गुरगुरतोय का ते पाहा. जुना हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर अजून वाटेत असेल तर तो काढा, दोघं एकत्र चालत नाहीत.

उंचावर गेल्यावर बूस्टचं काय होतं?

स्प्रिंग वातावरणाच्या तुलनेत काम करते. १५०० मीटरवर हवेचा दाब साधारण ८५ किलोपास्कल असतो, म्हणून ०.७ बारची स्प्रिंग १७० ऐवजी १५५ देते. टार्गेट निरपेक्ष ठेवलं असेल तर क्लोज्ड लूप तेच २०० गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरवतो. टर्बो आधीच काठावर असेल तर टार्गेट वातावरणाच्या वर मोजा, किंवा बॅरोमीटरप्रमाणे कमी करणारं टेबल भरा.

इलेक्ट्रॉनिक वेस्टगेट किंवा डिझेलच्या व्हीजीटीला हेच लागू होतं का?

नाही. इलेक्ट्रॉनिक वेस्टगेटला दोन्ही दिशांनी मोटर फिरवणारं आउटपुट आणि दांड्याची जागा सांगणारा सेन्सर लागतो. व्हीजीटी प्रकारच्या टर्बोमध्ये वेस्टगेटच्या जागी टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलतो आणि ती फार मिटली तर एक्झॉस्टचा उलट दाब धोकादायक होतो.

टेबलला हात लावला नाही, तरी काही महिन्यांनी बूस्ट बदलला.

० टक्क्यांवर एक रन घ्या आणि सुरुवातीच्या लॉगशी ताडून पाहा. स्प्रिंगचा बूस्ट तोच असेल तर दोष सोलेनॉइडच्या बाजूला: फिल्टर तुंबला, व्हॉल्वमध्ये तेलाचा चिकटा बसला, कनेक्टर सैल झाला. स्प्रिंगचाच बूस्ट वाढला असेल तर निपलवर कडक होऊन चिरलेली नळी किंवा फाटलेला पडदा शोधा. हातपंपाने दाब देऊन धरून ठेवा. गेजचा काटा हळूहळू खाली आला तर पडदा गेला. स्प्रिंगचा बूस्ट कमी झाला असेल तर दांड्याचा नट सरकलाय का आणि फ्लॅपच्या पिनची बुश झिजून फ्लॅप खडखडतोय का ते पाहा. दांडा हलायला लागण्याचा जो आकडा सुरुवातीला लिहून ठेवला होता, तो आता परत मोजा.